विसरायला होतंय, काय खाऊ? आहार आणि स्मृतिभ्रंश यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघात आहारावर बोलायला गेले की शेवटी चिठ्ठ्या येतात. पूर्वी त्यांत मधुमेह आणि गुडघे असायचे. आता विसरण्याबद्दलची चिठ्ठी हमखास असते, आणि ती बहुतेक वेळा स्वतःसाठी नाही तर नवऱ्यासाठी, बायकोसाठी किंवा आईसाठी लिहिलेली असते. खालचे प्रश्न त्याच चिठ्ठ्यांच्या धाटणीचे आहेत. औषधांचं डॉक्टरांना विचारायचं. इथे फक्त ताटाविषयी.

वयानुसार होणारं विसरणं आणि डिमेन्शिया एकच का?

नाही. भाजीत मीठ घालायचं राहून जाणं वेगळं आणि चाळीस वर्षं केलेल्या आमटीत आधी काय घालायचं हेच न सुचणं वेगळं. रोजचे व्यवहार अडू लागले, पैशांचे हिशेब चुकू लागले, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, की त्याला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. हा एकच आजार नव्हे. अनेक आजारांतून येणाऱ्या या अवस्थेचं ते नाव आहे. त्यातला सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा, साधारण ६० ते ७० टक्के. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याचं पहिलं वर्णन मांडलं. त्याखालोखाल येतो मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा प्रकार. पुष्कळांच्या मेंदूत दोन्ही एकत्र असतात, आणि ही सरमिसळ आहाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण रक्तवाहिन्यांवर ताटातल्या गोष्टींचा परिणाम होतो याविषयी वाद उरलेला नाही.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वयोगटातले ७.४ टक्के. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघालं.

खाण्यापिण्याने तो टाळता येतो का? सरळ सांगा.

टाळता येतो असं ठणकावून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. धोका कमी करता येतो, असं मात्र बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येतं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या पूर्णपणे काढून टाकता आल्या तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशेब आहे. यादीत कमी शिक्षण आहे, ऐकू न येणं आहे, धूम्रपान आहे, एकटेपणा आहे, प्रदूषित हवासुद्धा आहे. 'आहार' असा वेगळा रकाना मात्र नाही! पण उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, वाईट कोलेस्टेरॉल आणि अति मद्यपान हे पाच रकाने आहेत, आणि त्यांचा रस्ता आपल्या तोंडातूनच जातो. मला विचाराल तर आहार आणि स्मृतिभ्रंश यांचा पक्का संबंध बहुतांशी एवढाच आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा लागते वीस टक्के. ती पोचवणाऱ्या नळ्या स्वच्छ राहिल्या पाहिजेत.

मग पेपरात "अमुक आहार घ्या, अल्झायमरचा धोका निम्म्याने कमी" असं छापून येतं ते खोटं का?

खोटं नाही, अर्धवट असतं. उदाहरण घेऊनच सांगते.

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी 'माइंड' नावाची आहारपद्धत मांडली. पालेभाज्या, इतर भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे-सुकामेवा, बेरी जातीची फळं, मासे, ऑलिव्ह तेल यांना झुकतं माप. लोणी, चीज, लाल मांस, तळण आणि गोडधोड यांना आवर. २०१५ साली त्यांनी दाखवलं की या पद्धतीच्या सर्वांत जवळचा आहार असलेल्या वृद्धांमध्ये अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी होतं. मथळा तिथून आला.

पण तो अभ्यास निरीक्षणाचा होता. लोक जे खात होते त्याची नोंद घेतली आणि पुढे कोणाला आजार झाला ते पाहिलं. आता जो माणूस रोज पालेभाजी खातो तो बहुधा फिरायलाही जातो, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, शिकलेला असतो, हाताशी पैसा असतो. श्रेय पालकाला द्यायचं की पेन्शनला? हिशेबात या गोष्टी वजा करायचा प्रयत्न करतात, तरी थोडं राहतंच.

दुसरी अडचण आणखी फसवी आहे. अल्झायमरची सुरुवात मेंदूत निदानाच्या कित्येक वर्षं आधी होते. त्या काळात भूक मंदावते, चव बदलते, स्वयंपाकाचा कंटाळा येतो, माणूस चहा-बिस्किटांवर भागवू लागतो. मग वाटतं, वाईट खाल्लं म्हणून आजार झाला. प्रत्यक्षात आजार आधीच आला होता आणि त्यानेच खाणं बिघडवलं. लंडनच्या सरकारी नोकरांच्या प्रसिद्ध 'व्हाइटहॉल' अभ्यासात आठ हजारांहून अधिक लोकांचा मध्यमवयातला आहार नोंदवून जवळपास २५ वर्षं मागोवा घेतला. २०१९ साली आलेला निष्कर्ष असा, की आहाराचा दर्जा आणि पुढचा डिमेन्शिया यांत ठळक संबंध दिसला नाही.

आणि 'माइंड'ची खरी परीक्षा? ६०४ लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ साली निकाल आला: 'माइंड' गट आणि तुलनेचा गट यांच्या बौद्धिक चाचण्यांत लक्षणीय फरक नाही. दोन्ही गटांना थोडं कमी खायला सांगितलं होतं, दोन्हींचं वजन सरासरी पाच किलोंच्या आसपास उतरलं आणि दोन्हींचे गुण थोडे सुधारले. तीन वर्षांचा काळ अपुरा पडला असेल, किंवा तुलनेचा गटही पुरेसा सुधारला असेल. कारण काहीही असो, ५३ टक्क्यांचा मथळा पहिल्या पानावर आला आणि २०२३ चा निकाल माझ्या एकाही श्रोत्याला माहीत नसतो.

म्हणजे काही केलं तरी सारखंच?

तसंही नाही. फिनलंडमध्ये मिआ किव्हिपेल्टो यांच्या चमूने ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर 'फिंगर' ही दोन वर्षांची चाचणी केली. त्यात आहार एकटा नव्हता. सोबत व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर होती. २०१५ च्या निष्कर्षात या गटाची एकूण बौद्धिक चाचण्यांतली प्रगती दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. अमेरिकेतल्या 'पॉइंटर' चाचणीत २,१११ लोक होते. २०२५ साली तिचा निकाल आला: स्वतःच्या मनाने बदल करणारा गटही सुधारला, पण ठरलेल्या वेळी, गटात, कुणाच्या तरी देखरेखीखाली करणारा गट अधिक सुधारला. दोन्ही चाचण्यांनी विचारशक्ती मोजली. डिमेन्शिया किती जणांना झाला हे नाही.

ब्लूबेरी आणि ऑलिव्ह ऑइल आमच्या तालुक्यात मिळत नाही. मग?

नका आणू. ऑलिव्ह तेलाबद्दलचे चांगले आकडे पुष्कळसे स्पेन, इटली आणि अमेरिकेतल्या निरीक्षणांतून आलेत. तिथे ते लोणी किंवा मार्गारीनच्या जागी येतं. आपल्याकडे शेंगदाणा, करडई, तीळ ही तेलं आहेतच. वनस्पती तुपातलं आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण कमी करणं हा बदल ऑलिव्हच्या बाटलीपेक्षा मोठा.

पालेभाज्यांच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत: मेथी, पालक, चवळई, तांदुळजा, अंबाडी, माठ, शेवग्याचा पाला. 'माइंड'ला पालेभाजी आठवड्यातून निदान सहा वेळा हवी आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी हे अख्खं धान्य. मटकी-मुगाची उसळ, आमटी, पिठलं ही डाळी-कडधान्यं. जांभूळ आणि करवंद यांचा जांभळा रंग ब्लूबेरीच्याच जातीच्या रंगद्रव्यांचा. जांभळाने डिमेन्शिया कमी होतो असं मी म्हणणार नाही, तसं कोणी तपासून पाहिलेलं नाही. पण ब्लूबेरीसाठी चारशे रुपये मोजायचं कारणही दिसत नाही.

आपल्या ताटाची खरी खोट दुसरीकडे असते. भाताचा ढीग किंवा पोळ्यांची चळत मोठी आणि भाजी चमचाभर, तोंडी लावण्यापुरती. ते प्रमाण उलटं करा.

आम्ही पक्के शाकाहारी. काही कमी पडतं का?

बी-१२. हा प्रश्न कुणी चिठ्ठीत विचारत नाही, म्हणून मीच दर वेळी काढते.

बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच. इडली-डोशाच्या आंबवलेल्या पिठावर किंवा स्पिरुलिना या शेवाळाच्या भुकटीवर त्यासाठी विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कमतरतेवर अनेक वर्षं काम केलंय. त्यांच्या चमूने पुणे आणि आसपासच्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय असे ४४१ पुरुष तपासले. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं.

ही कमतरता विस्मरण, चिडचिड, गोंधळ, तळपायाला मुंग्या आणि तोल जाणं अशी दिसू शकते. बाहेरून डिमेन्शियासारखीच. फरक एवढाच, की वेळेत सापडली तर ती भरून काढता येते. म्हणून विस्मरणाच्या तपासणीत डॉक्टर थायरॉइडबरोबर बी-१२ पाहतात. तुमच्या डॉक्टरांनी नाही पाहिलं तर आठवण करून द्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांवर असलेल्यांत बी-१२ आणखी घटतं. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, रक्त तपासायचं.

ऑक्सफर्डच्या एका चाचणीत (२०१०) बी गटातल्या जीवनसत्त्वांनी सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांच्या मेंदूचं आकुंचन मंदावलं, पण फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढलेलं होतं त्यांनाच झाला. बी-१२ कमी पडलं की हे होमोसिस्टीन वाढतं. पातळी नीट असेल तर वरून इंजेक्शनं घेण्यात अर्थ नाही. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहणंही धोक्याचं. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ च्या अभावी नसांचं नुकसान आत चालू राहतं.

रोज भिजवलेले पाच बदाम? आणि अक्रोड तर मेंदूसारखाच दिसतो.

दिसतो खरा. त्या न्यायाने राजमा खाऊन मूत्रपिंडं सुधारली असती. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियात ६३ ते ७९ वयाच्या धडधाकट लोकांना दोन वर्षं रोज अक्रोड देऊन पाहिले. २०२० च्या निकालात बौद्धिक घसरणीत एकूण फरक पडला नव्हता. बदाम, अक्रोड, शेंगदाणे हृदयाला चांगले, तेवढ्यासाठी मूठभर खा. शेंगदाणे स्वस्त आहेत म्हणून कमी दर्जाचे नाहीत. खारे मात्र नकोत.

हळदीमुळे भारतात अल्झायमर कमी, हे खरं आहे ना?

या समजाची मुळं हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात आहेत. २००१ साली तिथल्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका भागापेक्षा बरंच कमी आढळलं आणि कुणीतरी हळदीकडे बोट दाखवलं. पण तिथल्या आणि इथल्या आयुष्यात हळदीखेरीज किती गोष्टी वेगळ्या होत्या! आणि ७.४ टक्क्यांचा आकडा वर दिलाच आहे. तोही हळद खाणाऱ्या देशाचाच. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. आमटीला हळद हवीच, गोळ्यांवर पैसे घालवू नका.

खोबरेल तेल रोज चमचाभर प्यावं का?

नको. त्याने डिमेन्शिया थांबतो हे कोणत्याही भक्कम चाचणीत सिद्ध झालेलं नाही, आणि त्यातली सुमारे ८० ते ९० टक्के चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी. कोकणात आणि गोव्यात खोबरं वाटणात असतंच, ते राहू द्या.

मासे खाल्ल्याने बुद्धी वाढते म्हणतात.

निदान निरीक्षणं तरी माशांच्या बाजूने आहेत. तेलकट माशांतलं ओमेगा-३ मेंदूच्या पेशींच्या आवरणात असतं. मजा अशी की आपल्याकडे यात अव्वल आहेत बांगडा आणि तारली. पापलेटचा भाव काहीही असो, या बाबतीत त्याला बांगड्यापुढे मान नाही. आठवड्यातून एकदोनदा, कालवणात किंवा तव्यावर कमी तेलात. सुकट, सुके बोंबील यांत मीठ फार. माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी मात्र चाचण्यांत निराशाच केली आहे.

मिठाचा मेंदूशी काय संबंध?

मीठ वाढवतं रक्तदाब, आणि मध्यमवयातला रक्तदाब वीस-पंचवीस वर्षांनी मेंदूकडून वसुली करतो. चीनमधल्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार लोकांवर एक चाचणी झाली. गावातल्याच आरोग्यसेवकांनी निम्म्या खेड्यांत रक्तदाब औषधांनी काटेकोर आटोक्यात ठेवला, जोडीला मीठ-वजनाबद्दल सल्ला दिला. चार वर्षांनी त्या खेड्यांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी निघाला. २०२५ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. कुठल्याही 'सुपरफूड'च्या नावावर असा निकाल नाही.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही दिवसभराचा सगळा मिळून. पापड, लोणचं, शेव-फरसाण, सांडगी मिरची, बेकरीची खारी, पाकिटातल्या नूडल्सचा मसाला हे सगळं त्यातच धरायचं. "मी वरून मीठ घेत नाही" असं सांगणारे आजोबा दुपारी चहासोबत वाटीभर चिवडा घेतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचं 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

साखर बंद करून गूळ सुरू केलाय. चालेल ना?

रक्तातल्या साखरेला दोन्ही सारखेच. मधुमेहाने डिमेन्शियाचा धोका साधारण दीडपट होतो, तेव्हा नाव बदलून काही साधत नाही. प्रमाण कमी करा. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे आठ चमचे; सुरुवात तिथून करा.

उपवासाने मेंदू शुद्ध होतो म्हणे?

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याचे वेफर्स खाऊन कोणाचंच काही शुद्ध होत नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी निरंकार उपवास करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणं मेंदूला घातकच.

ब्राह्मी, गिंको, 'मेमरी'च्या गोळ्या?

गिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. त्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, तीन हजारांवर वृद्ध, निकाल २००८ साली: डिमेन्शिया टळला नाही. ब्राह्मी या नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, हा पहिला घोळ. स्मरणशक्तीवर लहान चाचण्या आहेत, डिमेन्शिया टाळल्याचा पुरावा नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर गिंकोने रक्तस्राव वाढू शकतो. घेत असाल ते सगळं डॉक्टरांना दाखवा, "आयुर्वेदिकच आहे" म्हणून लपवू नका.

ॲल्युमिनियमची भांडी टाकून द्यावीत का?

अल्झायमरच्या भीतीने नको. १९६०च्या दशकात ही शंका निघाली, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही.

थोडी दारू चांगली असते ना?

नाही. न पिणाऱ्याने मेंदूसाठी सुरू करावी असं काही नाही, आणि भरपूर पिणाऱ्यांत थायमिन, म्हणजे बी-१, इतकं घटतं की स्मृती कायमची जाऊ शकते.

कोणत्या वयात सुरुवात करायची?

ही चिठ्ठी सत्तरीतल्या बाईंची असते आणि उत्तर खरं तर मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या त्यांच्या मुलासाठी असतं. चाळिशी ते साठी हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळायचा मोलाचा काळ. सत्तरीनंतर उलट काळजी घ्यायची: विनाकारण वजन घटू लागलं तर ती आनंदाची बातमी नव्हे. त्या वयात कडक पथ्यापेक्षा पुरेशी प्रथिनं आणि पोटभर जेवण जास्त गरजेचं.

आईला डिमेन्शिया झालाच आहे. आता तिच्या जेवणाचं काय?

इथे वरचे बरेच नियम सैल होतात. आता मुद्दा तिचं वजन टिकण्याचा, पाणी पोटात जाण्याचा आणि जेवण भांडणाविना पार पडण्याचा.

"मला सकाळपासून कुणी जेवायला दिलं नाही," असं ती जेवून उठल्यावर दहा मिनिटांत शेजारणीला सांगेल. खोटं बोलत नाही, तिला आठवत नाही. "आत्ताच तर जेवलीस" म्हणून पुरावे देऊ नका. जेवणाचे दोन भाग करा आणि दुसरा भाग अशा वेळेसाठी राखून ठेवा, नाहीतर मूठभर लाह्या, अर्धं केळं द्या.

भरलेल्या ताटातल्या सहा पदार्थांनी ती गोंधळते. एका वेळी एकच वाटी पुढे ठेवा. पांढऱ्या ताटात दहीभात तिला नीट दिसत नसेल. रंगीत ताट घ्या. चमचा जमेना झाला तर हातात धरून खाता येईल असं द्या: थालीपीठाचे तुकडे, इडली, धिरड्याची गुंडाळी, छोटा लाडू. टीव्ही बंद ठेवा आणि शक्यतो तुम्हीही समोर बसून जेवा. समोरच्याचं पाहून हात चालतो. गोडाची ओढ अचानक वाढते, ते हट्टीपण नव्हे, आजाराचा भाग आहे. मधुमेह असेल तर साखरेचं लक्ष्य किती कडक ठेवायचं ते या टप्प्यावर डॉक्टरांशी नव्याने बोला.

तहान लागल्याचं तिला कळत नाही, आणि पाणी कमी पडलं की गोंधळ एका दिवसात वाढतो. ताक, सार, पेज, सरबत, कलिंगडाची फोड, सगळं पाण्यातच धरा.

जेवताना खोकला, घसा घरघरणं, घास गालात साठवून ठेवणं सुरू झालं तर गिळण्याची तपासणी करून घ्या. पातळ पाणी ठसकत असेल तर दाटसर पेय सोपं जातं. किती दाट ते तपासणाऱ्याकडून ठरवून घ्या. शेवटच्या टप्प्यात नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा विषय निघतो. प्रगत डिमेन्शियात नळीमुळे आयुष्य वाढतं किंवा अन्न फुप्फुसात जाणं थांबतं असं दिसलेलं नाही, आणि अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना नळीऐवजी सावकाश हाताने भरवायला सांगते. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच भरलेला, आणि आधीचा घास गिळलेला दिसल्याशिवाय पुढचा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास तिला आडवं करू नका.